एकच यूएसबी पोर्ट, डीव्हीडी ड्राइव्ह नाही: आईच्या छोट्या लॅपटॉपचा पूर्ण बॅकअप कसा घेऊ?

शाईची_दौत (सोमवार, रात्री ९:१२)

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लावते, म्हणजे "कुठलं विंडोज?" असा पहिला प्रश्न कुणाला विचारायला नको.

आईचा लॅपटॉप दहा इंची आहे, स्क्रीन कीबोर्डपासून सुटून टॅब्लेट होणारा. इंटेल अ‍ॅटम प्रोसेसर, २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे साठवण मदरबोर्डवरच डकवलेली. काढून दुसऱ्या मशीनला लावायची सोय नाही. विंडोज ८.१, ३२-बिट. डीव्हीडी ड्राइव्ह अर्थातच नाही. यूएसबी पोर्ट एक, आणि कडेला मायक्रोएसडी कार्डाची खाच.

आई त्यावर एकच काम करते. भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी तयार करते. ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आता नाही, तिचा अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हरही नाही. आहे ते चालू आहे तोवर चालू. पुन्हा इन्स्टॉल केलं तर सीरियल नंबर कुणाला विचारणार? सीडी डब्यात जपून ठेवलेली आहे, पण ती घालायची कुठे हा आणखी वेगळा विनोद.

विंडोज ८.१ चा सपोर्ट १० जानेवारी २०२३ लाच संपला. त्यावर लिनक्स टाकून बघावं असं डोक्यात आहे. नाही जमलं तर मात्र मशीन होतं तस्संच परत मिळालं पाहिजे, नाहीतर आई मला घरात घेणार नाही.

आतापर्यंतचे पराक्रम: विंडोजमधलं सिस्टिम इमेजचं (म्हणजे सगळं जसंच्या तसं उतरवून ठेवलेल्या प्रतीचं) साधन उघडून ६४ जीबीची पेन ड्राइव्ह दाखवली, तर "ही जागा बॅकअपसाठी चालत नाही" म्हणून मोकळं झालं. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर क्लोनझिलाची (पेन ड्राइव्हवरून सुरू होऊन डिस्कची इमेज घेणारं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्ह बनवली. ती आईच्या लॅपटॉपच्या बूट मेनूत दिसतच नाही. माझ्या डेस्कटॉपवर व्यवस्थित दिसते.

रिकामा_रकाना (सोमवार, रात्री ९:३०)

एवढ्या डबड्यासाठी कशाला हा खटाटोप. नक्षीच्या फायली कॉपी करा, नवं विंडोज टाका. इमेज वगैरे ऑफिसवाल्यांची चैन आहे.

शाईची_दौत (सोमवार, रात्री ९:३४)

सॉफ्टवेअर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही असं वर लिहिलंय हो. फायली उघडायला तेच लागतं.

कंदील (सोमवार, रात्री १०:०५)

दौत, दोन्ही कोड्यांची उत्तरं सोपी आहेत.

पहिलं. विंडोजचं ते साधन पेन ड्राइव्ह घेतच नाही. त्याला एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा नेटवर्कवरचा फोल्डर लागतो. तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये बिघाड नाही. तसंही मी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन. ते साधन विंडोज १० च्या काळातच मोडीत काढलेल्यांच्या यादीत गेलं.

दुसरं जास्त मजेचं. तुमचा प्रोसेसर बहुतेक ६४-बिट चालवू शकणारा असेल, पण फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, ३२-बिटचं आहे. हे इथे बसून कसं सांगतो? यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या फर्मवेअरवर, विंडोज चालवायचं तर विंडोज आणि फर्मवेअर यांचं बिट जुळावंच लागतं. तुमचं विंडोज ३२-बिट. आता सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि "बायोस मोड"समोर यूईएफआय लिहिलंय का बघा. असेल तर फर्मवेअर ३२-बिट, दुसरा पर्यायच नाही. असं फर्मवेअर पेन ड्राइव्हवर "ईएफआय" फोल्डरातल्या "बूट" फोल्डरात "बूटआयए३२" नावाची फाईल शोधतं. तुमच्याकडे नुसती "बूटएक्स६४" असणार. ती डेस्कटॉपला चालते, याच्या दृष्टीने पेन ड्राइव्ह रिकामी.

क्लोनझिलाची ३२-बिट आवृत्ती उतरवा, पेन ड्राइव्ह बनवा, आणि लॅपटॉपकडे जायच्या आधी ती फाईल आत आहे ना ते डोळ्यांनी बघा. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी फर्मवेअरची सोय) बंद करावं लागेल. पण ते आज नको. त्याआधी एक तपासायचंय, उद्या लिहितो.

गडबडगुंडा (सोमवार, रात्री ११:२०)

अशाच मशीनवर मी एक युक्ती केली होती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एक रिकव्हरी पार्टिशन दिसेल, पाच-सहा जीबीचं. फुकट जागा खातं. ते उडवा, सी ड्राइव्ह मोठा करा. मग बॅकअप फक्त सीचा घ्यायचा, काम अर्ध्यावर.

उलटा_स्क्रू (मंगळवार, पहाटे ५:५०)

थांबा. दौत, वरचं काहीही करू नका. गडबडगुंडा, तुमच्या मशीनवर ते चाललं असेल, मी नाकारत नाही. इथे चालेलच असं नाही, आणि नाही चाललं तर मागे फिरायची वाट नाही.

कारण सांगतो. २०१४ मध्ये विंडोज ८.१ च्या अपडेटबरोबर विमबूट नावाचा प्रकार आला, खास अशा १६-३२ जीबीच्या मशीनसाठी. एरवी काय असतं? विंडोजच्या फायली सीवर, आणि त्यांचीच दाबून बांधलेली एक प्रत रिकव्हरी पार्टिशनमध्ये. म्हणजे एकच सामान दोनदा. छोट्या मशीनला हे परवडेना. म्हणून विमबूटमध्ये सामान एकदाच ठेवलं, रिकव्हरी पार्टिशनमधल्या त्या गाठोड्यात. सीवर विंडोजच्या फायली दिसतात त्या नुसत्या चिठ्ठ्या: "मी इथे नाही, गाठोड्यात अमुक ठिकाणी आहे." विंडोज दर वेळी चिठ्ठी वाचून गाठोड्यातून फाईल काढतं.

आता ते पार्टिशन उडवलं तर काय उरेल? चिठ्ठ्या.

आणि हाच मुद्दा बॅकअपलाही लागू. फक्त सीची इमेज घेतलीत तर ती चिठ्ठ्यांची इमेज. क्लोनझिलामध्ये एकेक पार्टिशन वाचवायचा पर्याय असतो आणि आख्खी डिस्क वाचवायचा असतो. तुम्ही डिस्कचाच घ्यायचा.

तुमचं मशीन विमबूटवालं आहे का ते ओळखणं सोपं आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीच्या चौकटीत बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प असे शब्द असतात. त्यांच्यात "विम बूट" आहे का बघा. विंडोज १० मध्ये हा प्रकार मागे पडला, तिथे सीवरच्याच फायली दाबून ठेवतात. त्यामुळे पुष्कळांनी हे नावच ऐकलेलं नसतं.

शाईची_दौत (मंगळवार, सकाळी ८:१५)

आहे. "विम बूट" लिहिलंय. चौकट लहान असल्याने शब्द अर्धा कापला जात होता, कॉलम ओढून रुंद केल्यावर दिसला. सी २३ जीबीचा, रिकव्हरी साडेपाच.

काल रात्री झोपायच्या आधी ते पार्टिशन उडवायला म्हणून मी खरंच पार्टिशनचं एक सॉफ्टवेअर उतरवून ठेवलं होतं. काढून टाकलं.

गडबडगुंडा (मंगळवार, सकाळी ९:०२)

दौत, माफ करा. माझ्या मशीनवर विंडोज १० होतं, आता लक्षात आलं.

जुनं_खोड (मंगळवार, सकाळी १०:४०)

हा धागा वाचून माझं पहिलं नेटबुक आठवलं. सात इंची स्क्रीन, चार जीबी साठवण, आणि खोक्यात सोबत काय, तर रिकव्हरीची डीव्हीडी! ड्राइव्ह नसलेल्या मशीनला डीव्हीडी. आम्ही ती बराच काळ भिंतीवर आरशासारखी लावून ठेवली होती.

असो. मुली, तुझ्या त्या सीडीकडे मात्र आधी बघ. सीडी-डीव्हीडीचा थर काळाने खराब होतो आणि ज्या कॉम्प्युटरांना ड्राइव्ह आहे तेही कमी होत चाललेत. कुणाच्या डेस्कटॉपला ड्राइव्ह असेल तर सीडीची आयएसओ फाईल, म्हणजे आख्खी सीडी एका फायलीत, बनवून घे. विंडोज ८ पासून आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते, वेगळं काही लागत नाही. सॉफ्टवेअर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होवो न होवो, सीडीत नक्षीचे नमुने, मदतीचं पुस्तक असं काही असतंच.

यूएसबीला लावायचे बाहेरचे डीव्हीडी ड्राइव्ह मिळतात, पण या पिटुकल्या मशीनवर जपून. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअ‍ॅम्पिअर देतं. तबकडी फिरायला लागते त्या क्षणी ड्राइव्ह त्याहून जास्त मागतो, आणि मग टकटक करून बंद पडतो. म्हणूनच काही ड्राइव्हना दोन तोंडांची वायर यायची. तुझ्याकडे दुसरं पोर्टच नाही, तर दुसरं तोंड कुठे खुपसणार.

शाईची_दौत (मंगळवार, सकाळी ११:०५)

काका, आयएसओ आजच बनवते. शेजारच्यांकडे जुना डेस्कटॉप आहे.

कंदील (मंगळवार, दुपारी १:३०)

काल म्हटलं होतं ते तपासायचं. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून डिस्क कुलूपबंद करणं.

विंडोज ८.१ पासून अशा मशीनांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन न विचारता चालू झालेलं असू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर त्याची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. लोकल अकाउंट असेल तर लोक म्हणतात "मग एन्क्रिप्शन नाहीच". तसं नसतं. डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते, फक्त किल्ली तिथेच उघडी ठेवलेली असते. कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवावी तसं. विंडोजला फरक पडत नाही, क्लोनझिलाला पडतो. साधं एनटीएफएस (विंडोजची फायली मांडायची नेहमीची पद्धत) असेल तर क्लोनझिला फक्त भरलेले भाग उचलतो. एन्क्रिप्टेड असेल तर त्याला आतलं काही कळत नाही, मग तो रिकाम्या जागेसकट एकेक सेक्टर उतरवतो. इमेज फुगते, वेळ दामदुप्पट.

अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) स्थिती सांगणारी "मॅनेज-बीडीई"ची स्टेटस कमांड चालवा. "फुली डिक्रिप्टेड" आलं की निश्चिंत. दुसरं काही आलं तर सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी इथे सांगा. कारण ते बंद केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती हाताशी नसली की संपलं.

आणखी एक. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना "शट डाउन" म्हणजे खरं शट डाउन नसतं, विंडोज अर्धं झोपलेलं असतं आणि सीवर तशी खूण राहते. अशा डिस्कची इमेज घ्यायला क्लोनझिला कुरकुर करतो, आणि ते बरोबरच आहे. हायबरनेशनच पूर्ण बंद केलंत तर हायबरफाइलची जागाही मोकळी होईल. ३२ जीबीच्या संसारात तीही मोठी.

टाचणी (मंगळवार, दुपारी २:१०)

मध्येच घुसते. माझा नवा लॅपटॉप विंडोज ११ चा, त्यालाही डीव्हीडी नाही. मी कधीच एन्क्रिप्शन चालू केलेलं नाही. तरी तपासू?

कंदील (मंगळवार, दुपारी २:२५)

तपासाच. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोऱ्या इन्स्टॉलवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते बहुतेक मशीनांवर आपोआप चालू होतं. की तुमच्या खात्यात आहे का ते ब्राउझरमधून बघा आणि कागदावर लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमधल्या नोटपॅडात नको.

बाकी तुमचं सोपं आहे. विंडोजमधूनच "रिकव्हरी ड्राइव्ह" बनवा, सिस्टिम फायलींसकट. त्याला १६ जीबीची पेन ड्राइव्ह लागते आणि ती आधी पूर्ण पुसली जाते. मात्र त्यात तुमचे फोटो-कागदपत्रं येत नाहीत. तिने विंडोज परत येईल, बाकीचं तुमचं तुम्ही वेगळं ठेवायचं.

टाचणी (मंगळवार, दुपारी २:५१)

बिटलॉकर चालू निघालं. की खात्यात होती, डायरीत उतरवली. मी कधी चालू केलं होतं देव जाणे.

शाईची_दौत (मंगळवार, रात्री १०:४८)

"फुली डिक्रिप्टेड". फास्ट स्टार्टअप, हायबरनेशन बंद. क्लोनझिलाची ३२-बिट आवृत्ती उतरवली, ती फाईल आत आहे.

पोर्टचा प्रश्न असा सोडवायचं ठरवलंय: पेन ड्राइव्ह यूएसबीत, आणि इमेज मायक्रोएसडी कार्डावर. नवं ६४ जीबीचं कार्ड आणलं. उद्या संध्याकाळी बसते.

शाईची_दौत (बुधवार, रात्री ११:३६)

बसले. सांगते.

पेन ड्राइव्ह या वेळी मेनूत दिसली. क्लोनझिला सुरू झाला आणि अक्षरं आडवी! टॅब्लेटचा पडदा मुळात उभा असतो, विंडोज तो वळवून दाखवतं, क्लोनझिला तेवढे लाड करत नाही. शेवटी लॅपटॉप पुस्तकासारखा कुशीवर उभा केला, भिंतीला टेकवला, आणि कीबोर्ड उभा धरून बाणाची बटणं दाबत बसले. वर जायला कुठला बाण हे प्रत्येक पडद्यावर नव्याने शोधायचं. आईने दोनदा येऊन विचारलं की हे असंच असतं का.

डिव्हाइस-इमेज निवडलं, मग आख्खी डिस्क. डिस्कचं नाव "एमएमसीबीएलके" असं काहीतरी, आकडा पाहून ओळखली. कार्डाचंही नाव तसंच असतं, फक्त शेवटचा अंक वेगळा! जागेचा आकडा बघितला नसता तर गोंधळ झाला असता. साधारण तासभर चाललं. मग "इमेज परत घालण्याजोगी आहे का तपासू?" याला हो म्हटलं.

आणि तो म्हणाला, नाही. रिकव्हरी पार्टिशनची इमेज तुटकी आहे. पुन्हा केलं. पुन्हा तेच, पण या वेळी सीची तुटकी. ईएमएमसी मरायला टेकलीय का?

उलटा_स्क्रू (गुरुवार, पहाटे ६:०५)

ईएमएमसी मरत असती तर वाचतानाच ओरड झाली असती. इथे लिहिताना सगळं शांत आणि परत वाचताना तुटकं. माझा संशय नव्या कार्डावर. विंडोजमध्ये एच२टेस्टडब्ल्यू नावाचं जुनं छोटं साधन आहे, लिनक्सवर एफ३. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडतं. कार्ड रिकामं करून चालवा. वेळ लागेल, लागू दे.

शाईची_दौत (गुरुवार, रात्री ९:२०)

७.४ जीबी.

कार्डावर ६४ छापलंय, विंडोज ६४ दाखवतं, आत खरी जागा साडेसात. त्यापुढचं सगळं लिहिलं म्हणून सांगायचं आणि सोडून द्यायचं. जिथून घेतलं तो दुकानदार म्हणतो "फॉरमॅट करून बघा".

तो तपासणीचा प्रश्न कंटाळून टाळला असता तर मी आज लिनक्स टाकलंही असतं. हात थरथरले जरा.

जुनं_खोड (गुरुवार, रात्री ९:४४)

फॉरमॅट करून बघा! वा. पावशेराच्या पिशवीवर किलो लिहायचं आणि म्हणायचं झटकून बघा.

कंदील (गुरुवार, रात्री १०:१०)

कार्ड विसरा. घरात एक्स्टर्नल हार्ड डिस्क आहे का? असेल तर एक पोर्टही पुरतं.

क्लोनझिलाच्या पहिल्याच मेनूत, खाली कुठेतरी, "टू रॅम" असा पर्याय असतो. तो निवडला की क्लोनझिला स्वतःला पूर्णपणे रॅममध्ये उचलून घेतो. मग पेन ड्राइव्हची गरजच संपते. ती काढायची आणि त्याच पोर्टात हार्ड डिस्क लावायची. त्याचा पसारा साधारण अर्ध्या जीबीचा, तुमच्या २ जीबीत मावतो.

हार्ड डिस्क कधी लावायची? इमेज कुठे ठेवायची हे विचारताना तो स्वतःच म्हणतो की आता डिव्हाइस लावा आणि थोडं थांबा. तेव्हा. यूएसबीवरच चालणारी डिस्क त्या पोर्टाला जड जात असेल तर चार्जर असलेला हब घ्या. आणि लॅपटॉपचा चार्जर लावलेला असू द्या, बॅटरीच्या भरवशावर नको.

रिकामा_रकाना (गुरुवार, रात्री १०:३१)

सोमवारी मी उद्धटपणे बोललो. शिकायला मिळतंय. एक विचारतो: कोरं इन्स्टॉलच करायचं असेल तर अशा टॅब्लेटवर काय अडतं?

उलटा_स्क्रू (शुक्रवार, पहाटे ५:४०)

ड्रायव्हर. वायफाय नाही म्हणून इंटरनेट नाही, इंटरनेट नाही म्हणून वायफायचा ड्रायव्हर नाही. इथून सुरुवात. आणि टचस्क्रीन. स्वस्त टॅब्लेटांत सायलीड कंपनीची टच चिप पुष्कळ असते. तिला चालू होताना बाहेरून फर्मवेअरची फाईल भरवावी लागते, आणि ती फाईल त्या-त्या मॉडेलपुरती बेतलेली असते. दुसऱ्या मॉडेलची घातली की डावीकडे बोट लावलं तर उजवीकडे दाबलं जातं. म्हणून चालू विंडोज मोडण्याआधी "सिस्टिम३२"मधल्या "ड्रायव्हरस्टोअर"मधला "फाइलरिपॉझिटरी" फोल्डर आख्खा बाहेर काढून ठेवायचा. विंडोज १० असेल तर "पीएनपीयुटिल" ड्रायव्हर नीट वेचून देतो.

लायसन्सचं मात्र अडत नाही. विंडोज ८ पासून तयार मशीनांची की फर्मवेअरमध्येच असते, त्याच आवृत्तीचं विंडोज टाकलं की ते आपणहून उचलतं. विंडोज ७ पर्यंत ती खालच्या स्टिकरवर असायची आणि मांडीवर घासून घासून पुसली जायची.

शाईची_दौत (शनिवार, दुपारी ४:१५)

झाली इमेज. टू रॅमने. पेन ड्राइव्ह काढताना छातीत धडधडत होतं, पण क्लोनझिला ढिम्म.

एक तास पाच मिनिटं लागली. रिकव्हरी पार्टिशनची इमेज जवळजवळ मूळ आकाराचीच झाली, सीची बरीच आक्रसली. बरोबर आहे ना?

उलटा_स्क्रू (शनिवार, दुपारी ४:४०)

बरोबर. गाठोडं आधीच दाबून बांधलेलं आहे, त्याला आणखी किती दाबणार.

शाईची_दौत (शनिवार, दुपारी ४:४६)

तपासणीत सगळी पार्टिशनं "रिस्टोरेबल". आता लिनक्स टाकू?

कंदील (शनिवार, संध्याकाळी ५:०२)

अजून एक दिवस थांबाल? क्लोनझिलाची तपासणी एवढंच सांगते की इमेज वाचता येते. ती कशाची इमेज आहे हे तुम्ही डोळ्यांनी बघा. तुमची ती ६४ जीबीची पेन ड्राइव्ह, जी विंडोजने नाकारली, तिच्यावर इमेज उतरवा. लक्ष्य मूळ डिस्कएवढं किंवा मोठं असावं लागतं, ते आहे. हे काम डेस्कटॉपवर करा, तिथे पोर्ट भरपूर. त्यासाठी नेहमीची ६४-बिट क्लोनझिला चालेल.

पण, आणि हे कळकळीने: डेस्कटॉपच्या स्वतःच्या डिस्कची वायर काढून ठेवा. रिस्टोर करताना क्लोनझिला दोनदा "नक्की?" विचारतो आणि आपण दोनदा हो म्हणतो. चुकीच्या डिस्कलाही दोनदा हो म्हणतो.

शाईची_दौत (रविवार, दुपारी १२:३०)

वायर काढली. पेन ड्राइव्हवर उतरवली. मग वायर परत लावून विंडोजमधून उघडली: ईएफआयचं छोटं पार्टिशन, सी, रिकव्हरी, सगळं जागेवर. आईच्या नक्षीच्या फोल्डरात २१४ फायली. लॅपटॉपवर मोजल्या, तिथेही २१४. पाच-सहा उघडायचा प्रयत्न केला, अर्थात सॉफ्टवेअर नाही म्हणून उघडल्या नाहीत. तेव्हा नक्षीचा फोल्डर लॅपटॉपवरून वेगळाही कॉपी केला, आणि इमेजची दुसरी प्रत डेस्कटॉपवर.

आज लिनक्स. डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) ३२-बिट यूईएफआयवर आठव्या आवृत्तीपासून चालतं असं वाचलं, तेच घेतेय.

शाईची_दौत (पुढचा रविवार, संध्याकाळी ७:०५)

आठवडाभराचा अहवाल.

लिनक्स चढलं. वायफाय चाललं, आवाज नाही, आणि स्क्रू यांनी लिहिलं होतं ते अक्षरशः घडलं: टच उलटा. आईने उजवीकडचं फूल वाढवायला बोट लावलं, डावीकडचं पान सरकलं. ओपन सोर्समधलं भरतकामाचं एक सॉफ्टवेअर दाखवलं, तिने दोन संध्याकाळ मनापासून प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझं मला दे."

तर काल रिस्टोर केलं. पुन्हा कुशीवर उभा लॅपटॉप, टू रॅम, हार्ड डिस्क, आख्खी डिस्क, दोनदा हो. चाळीस मिनिटांत झालं. रीस्टार्ट केलं आणि काळा पडदा: बूट करायला काही सापडत नाही म्हणे.

दोन मिनिटं मी काहीच केलं नाही, नुसती बघत बसले.

कंदील (पुढचा रविवार, संध्याकाळी ७:२०)

बूट एंट्री?

शाईची_दौत (पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३१)

तेच! फर्मवेअरमध्ये गेले तर यादीत पहिलं नाव अजून डेबियनचं. डिस्कवर डेबियन उरलंच नव्हतं. दुसऱ्या क्रमांकावर विंडोज बूट मॅनेजर होता, तो वर घेतला. सुरू.

उलटा_स्क्रू (पुढचा रविवार, संध्याकाळी ७:५०)

कुठून बूट करायचं ही यादी फर्मवेअरच्या स्वतःच्या मेमरीत असते, डिस्कवर नाही. इमेज डिस्कची, म्हणून ती यादी इमेजमध्ये येत नाही. मागे असं कुणाचं झालं तेव्हा त्याने तीनदा रिस्टोर केलं होतं.

सॉफ्टवेअर?

शाईची_दौत (पुढचा रविवार, रात्री ८:१०)

उघडलं. अ‍ॅक्टिव्हेशन शाबूत. शेवटी उघडलेली नक्षी होती तिथेच, अर्धी भरलेली. सिक्युअर बूट परत चालू केलं, वायफाय बंद करून ठेवलंय. फायली पेन ड्राइव्हने न्यायच्या, असा करार झाला.

ती ६४ जीबीची पेन ड्राइव्ह पुसून वापरू ना?

जुनं_खोड (पुढचा रविवार, रात्री ८:२५)

ती वापर. क्लोनझिलाची ३२-बिटवाली मात्र पुसू नकोस, हार्ड डिस्कबरोबर एकाच पाकिटात ठेव. आणि वर चिठ्ठी लाव. तीन वर्षांनी हे पाकीट उघडशील तेव्हा यातलं अक्षरही आठवणार नाही.

शाईची_दौत (पुढचा रविवार, रात्री ९:००)

लावली. आईच्या अक्षरात, कारण माझं तिला वाचता येत नाही: "दहा इंची लॅपटॉप. आख्खी डिस्क. सिक्युअर बूट बंद करणे. टू रॅम निवडणे, मग पेन ड्राइव्ह काढून ही लावणे. शेवटी विंडोजला वर घेणे. लॅपटॉप आडवा धरणे."

शेवटची ओळ तिने स्वतःहून घातली.